काकूंना नाही म्हणण्याचा नियम

मी बेसबॉलचा एकही सामना मैदानावर जाऊन पाहिलेला नाही. टीव्हीवर एक पाहिला, तोही अर्धा, कारण मधेच मला झोप लागली. तरी माझा बेसबॉलचा संघ आहे आणि तो मी जर्मनीत, वोल्फ्सबुर्गच्या आमच्या स्वयंपाकघरात बसून चालवते. गावाकडच्या जावेला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, गोळ्या वेळेवर घेतेस ना. घेते.

हे गेल्यावर मुलानं मला इकडे आणलं. तो गाड्यांच्या कारखान्यात सॉफ्टवेअरचं काम करतो, सूनही अशाच दुसऱ्या कंपनीत आहे. दोघं मला चांगलं वागवतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण दिवसभर घरात मी एकटी. हिवाळ्यात दुपारचा चहा होईपर्यंत अंधार पडतो. इथे गाडी येत नसेल तर माणूस घरात बसतो, आणि मला सायकलसुद्धा येत नाही. नात शाळेतून येते, तिला माझं मराठी सगळं समजतं, आणि उत्तर जर्मनमध्ये देते. मी चौथीपर्यंत शिकले. मराठी लिहिता-वाचता येतं, इंग्रजी अक्षरं ओळखता येतात, जर्मनमध्ये मला 'या' आणि 'नाइन' येतं, म्हणजे हो आणि नाही. तेवढ्यावर संभाषण लवकर संपतं.

मुलगा आणि त्याचे मित्र तरुणपणी कंपनीच्या कामानं अमेरिकेत होते. तिकडून लोक गाडीघोडा घेऊन येतात, हे बेसबॉलचं वेड घेऊन आले. पुढे सगळे जर्मनीत आले. काही वोल्फ्सबुर्गला, एक र्युसेल्सहाइमला, बाकीचे आसपास. पण वेड सुटलं नाही. त्यांनी एक लीग काढली. अमेरिकेतले खरे खेळाडू आपापसांत वाटून घ्यायचे. एक खेळाडू एकाच्याच संघात. तो तिकडे खरंच चांगला खेळला की इकडे तुम्हाला गुण. पैसे नाहीत, फक्त जिंकणाऱ्याच्या भिंतीवर वर्षभर एक लाकडी बॅट टांगलेली असते. तिकडचे सामने आपल्या रात्री होतात, त्यामुळे निकाल सकाळच्या चहाबरोबर मिळतो. त्या चहाला मुलगा फोन बघून कधी हसायचा, कधी कपाळाला हात लावायचा. मी विचारायची, आज काय झालं. तो थोडक्यात सांगायचा. मग मी खोलात विचारायची.

एका वर्षी त्यांच्यातला एक जण देश सोडून गेला आणि त्याचा संघ बेवारशी झाला. आठवड्याला दोन-दोन संघांची झुंज असते. आठाचे सात झाले की एक जण दर आठवड्याला रिकामा बसतो. लीग बंद करावी लागेल असं बोलणं चाललं होतं. तेव्हा जेवताना सून म्हणाली, "आईंना द्या तो संघ." मुलगा हसला. सून हसली नाही. म्हणाली, "आई रोज विचारतात कोण जिंकलं. मी विचारते का कधी?"

तिथून मी लीगमध्ये आले. सुनेचे आभार मी तेव्हा मानले नाहीत, आता मानते.

आता ही लीग साधी असती तर हंगाम संपला की सगळे खेळाडू सोडून द्यायचे आणि पुढच्या वर्षी नवी वाटणी करायची, इतकंच. पण आमची कीपर लीग. कीपर म्हणजे स्टंपामागे बसतो तो नव्हे. प्रत्येकाला चार खेळाडू पुढच्या वर्षासाठी राखून ठेवता येतात. बाकीचे सोडायचे. वाटणीत सगळे फेरीफेरीनं, पाळीपाळीनं खेळाडू निवडतात, आणि राखलेला ज्या फेरीत घेतलेला असेल त्या फेरीतली आपली पाळी पुढच्या वाटणीत सोडावी लागते, म्हणजे फुकट काही राखता येत नाही. आणि एकाच खेळाडूला तीन हिवाळ्यांच्या वर धरून ठेवता येत नाही, मग तो कितीही लाडका असो. कोणाला राखायचं हे फेब्रुवारीच्या शेवटी सांगायचं, मार्चमध्ये वाटणी. तोवर सगळा हिवाळा एकमेकांशी अदलाबदल करायला मोकळा. म्हणजे खरा खेळ हिवाळ्यातच. मैदानावर बर्फ आणि फोनवर घासाघीस.

लीग चालवणाऱ्याला कमिशनर म्हणतात. आमचा कमिशनर अमरावतीचा, मुलाच्याच खात्यात काम करतो. त्याला घरात बायकोसुद्धा कमिशनर म्हणते. जर्मनीत चार माणसं जमली की फेराइन काढतात, म्हणजे मंडळ, आणि मंडळ काढलं की आधी नियम लिहितात. हा इथे राहून तसाच झाला. नियमांची पानंच्या पानं. कोणी एक मिनिट उशिरा नावं पाठवली की म्हणणार, "फ्रिस्ट म्हणजे फ्रिस्ट," म्हणजे मुदत ती मुदत. एकदा माझ्या मुलाचे राखीव खेळाडू उशिरामुळे गेले होते, त्याचा राग त्याला अजून आहे. मला मात्र हा माणूस आवडतो. त्याचा नियम लागतो तो सगळ्यांना सारखाच लागतो.

पहिल्या वर्षी मी शेवटची आले. खेळाडूंची नावं मला उच्चारता येत नव्हती, म्हणून मी त्यांना अंगावरून ओळखायची. एक दाढीवाला, एक पोट सुटलेला, एक च्युइंगम चघळत रवंथ करणारा. माझ्या एका पिचरचं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचं, कोपराचं ऑपरेशन झालं. वर्षभर तो खेळणार नव्हता. सगळे म्हणाले सोडून द्या. आम्ही गावी दोन म्हशी ठेवायचो. म्हैस आटली म्हणून कोणी ती लगेच विकत नाही, भाकड दिवस काढले की ती परत दुधाला येते. म्हणून मी त्याला राखला, त्याच्यापायी चांगली पाळी घालवली. वर्षानं तो परत आला आणि कोणीही त्याला हाणावं असे चेंडू टाकायला लागला. म्हशीचा आणि पिचरचा काही संबंध नाही, हे मला तेव्हा कळलं. मुलगा फक्त दूध ओतताना एकदा माझ्याकडे बघून हसला.

दुसऱ्या हिवाळ्यापासून मला अदलाबदल जमायला लागली. मला फोनवर अक्षरं काढता येत नव्हती, त्यामुळे मी व्हॉइस मेसेज पाठवायची. सून मला कोणाकडे कोण आहे, कसा खेळतो, किती वर्षं राखता येईल, ते वाचून दाखवायची. त्यावर विचार करायची मी. मग फोन तोंडाजवळ धरून सांगायची, बाळा, तुझा तो अमका मला दे, मी तुला तमका देते. थोड्या वेळानं उत्तर यायचं, हो काकू, चालेल. मी शेवटून वर यायला लागले. तिसरी आले. मग दुसरी आले. मुलाच्याही वर. मला वाटलं, आपल्याला हे अंगचंच आहे. फोनवर जावेलाही तसं सांगितलं.

लीगमध्ये एक मुलगी आहे. जालन्याची. ब्राउनश्वाइगला विद्यापीठात डॉक्टरेट करते. शाळेत असताना सॉफ्टबॉल खेळायची, राज्याच्या संघात होती. आमच्या आठ जणांत हातानं खरा चेंडू टाकलेली ती एकटीच. बाकीचे सगळे खुर्चीतले खेळाडू. ती कधीमधी रविवारी आमच्याकडे जेवायला यायची. सगळे मला काकू म्हणतात, ती आजी म्हणते.

तिच्याकडे एक डावखुरा पिचर होता. पोरगेलासाच. कोणी त्याचं नाव ऐकलं नव्हतं तेव्हा तिनं त्याला वाटणीच्या अगदी शेवटच्या फेरीत घेतला होता, म्हणून त्याला राखायला पाळीही शेवटचीच जायची. आणि अजून दोन हिवाळे राखता आला असता. असा खेळाडू कीपर लीगमध्ये कोणी सोडत नाही. मी तिला मेसेज केला, बाळा, तो डावखुरा मला दे, मी तुला दोन बॅटर देते, दोघं नावाजलेले आहेत. नावाजलेले होते हे खरं. वयानं उतरलेले होते हेही खरं. त्या दिवशी उत्तर यायला बराच वेळ लागला. मग आलं, "हो आजी, चालेल."

मला इतका आनंद झाला की मी संध्याकाळी शिरा केला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका शनिवारी कमिशनर घरी आला. एकटाच आला, बायकोनं दिलेल्या नारळाच्या वड्या घेऊन. मुलगा घरी नव्हता आणि ते त्याला माहीत होतं. त्यानं आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, मग थंडीची. कामाचा माणूस थंडीबद्दल बोलायला लागला की समजावं, पुढे काहीतरी येतंय.

"आल्झो, काकू," तो शेवटी म्हणाला. इथे मुद्द्यावर यायचं झालं की आल्झो म्हणतात. "जानेवारीच्या बैठकीत आम्ही एक प्रस्ताव आणतोय. तुम्हाला मानद सदस्य करायचं."

मी विचारलं, मानद सदस्यानं काय करायचं असतं.

काही नाही करायचं, तो म्हणाला. वाटणीच्या दिवशी नारळ फोडायचा, जिंकणाऱ्याला बॅट द्यायची, सगळ्यांना आशीर्वाद द्यायचे.

आणि माझा संघ?

तो वडी खायला लागला. खाता खाता म्हणाला की लुडविग्सहाफेनचा एक केमिस्ट बऱ्याच दिवसांपासून जागा मागतोय, चांगला मुलगा आहे, आपल्या नाशिकचा.

मला कळलं. लग्नात म्हातारीला आधी खुर्ची देतात. एकदा ती खुर्चीत बसली की वाढायला, निवडायला, रुसवे काढायला तिला कोणी हाक मारत नाही. मी त्याला विचारलं, माझं काय चुकलं ते सांग. तो म्हणाला, छे छे, चुकलं काहीच नाही, उलट तुमचा मान राखायचाय. मी म्हटलं, मला मान नको, कारण सांग. पण तो कारण सांगेना. त्यानं परत गुडघ्यांची चौकशी केली आणि निघाला.

सून घरात लसूण सोलत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मी तिच्यासमोर बसले आणि विचारलं, यांना मी का नको झाले.

"खरं सांगू?"

"खोटं सांगायला कमिशनर येऊन गेला."

ती लसूण सोलायची थांबली नाही. म्हणाली, "आई, तुम्हाला कोणी नाही म्हणत नाही. तुम्ही मेसेज केलात की ज्याच्याकडे जे असेल ते तो देतो. तुमचा आवाज ऐकला की प्रत्येकाला स्वतःची आई आठवते. तुम्ही नाही त्या ग्रुपवर म्हणतात, काकूंशी ट्रेड म्हणजे नैवेद्य. समोर ठेवायचा आणि हात जोडायचे."

मी एकेक अदलाबदल आठवून पाहिली. एकदाही कोणी नाही म्हणालं नव्हतं. एकदाही कोणी, काकू, आणखी थोडं द्या, असंसुद्धा म्हणालं नव्हतं. बाजारात पहिल्या भावाला गिऱ्हाईक हो म्हणालं तर आपण म्हशीकडे परत एकदा बघतो. इथे मी बघितलं नव्हतं.

सुनेचा राग आला, पण पाचच मिनिटं. घरातल्या चार माणसांत मला हे सांगायचं धाडस तिनंच केलं. मुलाला हे माहीत होतं आणि तो बोलला नव्हता. संध्याकाळी तो आल्यावर म्हणाला, "आई, सोड ना. तुला इथे काय कमी आहे?"

मी म्हटलं, "कमी काही नाही. घर तुझं, गाडी तुझी, टीव्ही तुझा, बायको-पोर तुझी. माझा संघ आहे. तेवढा एक माझा आहे, आणि तोही जाणार असेल तर मला कळून जाऊ दे."

त्यानं मान डोलावली आणि ताटं मांडायला घेतली. त्याला नाही म्हणता येत नाही, हा त्याचाही रोग आहे.

दुसऱ्या दिवशी मी जालन्याच्या पोरीला फोन केला. सरळ विचारलं, तो डावखुरा तुला द्यायचा होता का. ती आधी हो-हो करायला लागली. मी म्हटलं, खरं बोल, मला खोटं नको आहे. मग तिनं सांगितलं की त्या दिवशी तिनं दोनदा नाही असं लिहिलं आणि दोनदा पुसलं. त्यांच्या घरी आजीला नाही म्हणायची पद्धत नाही. आजीनं मागितलं की द्यायचं, आणि आजी देवळात गेली की रडायचं.

मी म्हटलं, "मी तुझी आजी नाही, मी समोरचा संघ आहे."

ती हसली. मग म्हणाली की तो डावखुरा आता परत नको, व्यवहार तिनं स्वतः केला, तो झाला. मी म्हटलं, बरं, मीही परत देत नाही. त्यावर ती आणखी हसली. मला वाटतं त्या दिवशी आमची पहिल्यांदा नीट ओळख झाली.

बैठक संक्रांतीच्या सुमारास कमिशनरच्या घरी झाली. सगळे आले होते, र्युसेल्सहाइमचासुद्धा. पावभाजी होती. लहान मुलं आतल्या खोलीत. दारातच कमिशनरच्या बायकोनं तिळगूळ हातावर ठेवला आणि गोड बोला म्हणाली. मी मनात म्हटलं, गोड बोलण्यानंच तर हा घोटाळा झाला आहे.

आधी बाकीचे विषय झाले. जायबंदी खेळाडूला राखलं तर पाळी कमी जावी का, यावर खूप वाद झाला. मुदत जर्मन घड्याळाची धरायची की अमेरिकेच्या, यावर तर दोघं जण उठून उभे राहिले. मी बघत होते. एकमेकांशी किती जोरात भांडत होती ही माणसं. एकमेकांना मूर्ख म्हणत होती आणि लगेच पाव पुढे करत होती. मग कमिशनरनं माझा विषय काढला आणि सगळे एकदम संस्कारी झाले.

मी म्हटलं, आधी माझं ऐका. नैवेद्याचं मला कळलं आहे. यावर दोघांनी माना खाली घातल्या. मी पुढे म्हटलं, माझ्याकडे उपाय आहे. यापुढे मागणी कमिशनरकडे करायची, आणि त्यानं कोणाची आहे ते न सांगता पुढे पाठवायची. म्हणजे काकू कोण आणि कोण काय, कोणाला कळणार नाही.

र्युसेल्सहाइमच्या माणसानं हळूच हात वर केला. म्हणाला, काकू, कोणाकडे कुठला खेळाडू आहे ते सगळ्यांना दिसतं. तुमचा दाढीवाला देऊ केला की आम्हाला कळणारच ना, मागणी तुमची आहे ते.

सगळे हसले. मीही हसले. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. पण तो बोलला त्याचं मला बरं वाटलं. त्या घरात त्या दिवशी माझं म्हणणं खोडून काढणारा तो पहिला.

मग कमिशनरनं मत मागितलं. काकूंना मानद सदस्य करावं, असं वाटणाऱ्यांनी हात वर करा. एकही हात वर गेला नाही. करू नये असं वाटणाऱ्यांनी करा. तेव्हाही नाही. माझा मुलगा पावाचा तुकडा बोटांत फिरवत होता. सगळे दोन मिनिटं शांतता पाळल्यासारखे बसले होते.

मी म्हटलं, हे मतदान आहे की श्रद्धांजली? आणि उठून आत गेले. जाताना सांगितलं, मी आतून दार लावते, जे बोलायचं ते बोला, माझ्या मुलाकडेही बघू नका.

आत मुलं कार्टून बघत होती. मी पलंगाच्या कडेला बसले. खरं सांगते, संघ गेला असता तर मी मेले नसते, पण सकाळचा चहा नुसता चहा राहिला असता.

बाहेर आधी कुजबुज, मग आवाज चढले. र्युसेल्सहाइमचा म्हणत होता, आपण खेळायला येतो की पाया पडायला? दोन वर्षं झाली, काकूंशी झालेली एकही अदलाबदल खरी नाही. मग लीगला अर्थ काय? मला त्याचं पटलं. मी त्याच्या जागी असते तर हेच म्हणाले असते, आणि आधीच म्हणाले असते. कोणीतरी म्हणालं की त्या बिचाऱ्यांना तेवढाच विरंगुळा आहे. बिचाऱ्या म्हटल्यावर मी उठलेच होते, पण तेवढ्यात पोरीचा आवाज आला. ती सगळ्यांवर ओरडत होती. म्हणत होती, बिचाऱ्या आजी नाहीत, बिचारे आपण आहोत, सगळे शिकलेले घोडे आणि एक शब्द तोंडातून निघत नाही.

बऱ्याच वेळानं मला बोलावलं. कमिशनर उभा होता, हातात कागद. नवा नियम झाला होता आणि तो पोरीनं सुचवला होता. यापुढे लीगमध्ये कोणीही कोणाकडे मागणी केली की पहिल्या मागणीला नकार द्यायचाच. सक्तीचा नकार. दुसऱ्यांदा मागितलं तर विचार करता येईल. आणि मागणी लिहून करायची, व्हॉइस मेसेज बंद. नियम एकट्या काकूंसाठी नाही, आठही जणांना.

"एकदा तोंडाला नाही म्हणायची सवय लागली," पोरगी म्हणाली, "की दुसऱ्यांदा तेवढं जड जात नाही."

आणि माझा संघ एक वर्ष माझ्याकडे राहणार. पुढच्या जानेवारीत परत बघायचं, की लोक माझ्याशी खरं खेळतात की नाही.

मी विचारलं, मतं कशी पडली. कमिशनर म्हणाला, काकू, ते गुप्त असतं. तेवढ्यात र्युसेल्सहाइमचा म्हणाला, "मी तुमच्या विरुद्ध होतो, काकू."

माझ्याजवळ डबा होता. मी त्याला तिळगुळाची वडी दिली. त्यानं ती खाल्ली आणि म्हणाला, "तरी विरुद्धच आहे."

"असू दे," मी म्हटलं. "तू खरा गडी."

मग कोणीतरी हळूच विषय काढला की काकू आता तो डावखुरा परत देतील, म्हणजे सगळं गोडीनं होईल. सगळे माझ्याकडे अशा नजरेनं बघायला लागले की आता आई आपल्या वाट्याची साडी दुसरीला देऊन टाकणार. मी नाही म्हटलं. पोरीनंही मान हलवली. परत दिला असता तर मी परत आजी झाले असते आणि ती परत नात. डावखुरा माझ्याकडेच राहिला. पुढच्या हंगामात तो बरा खेळला, फार नाही.

गाडीतून घरी येताना मुलगा पहिल्या सिग्नलला थांबला. मग म्हणाला, "आई, मी आतमध्ये तुझ्या बाजूनं बोललो नाही." मी म्हटलं, ऐकू आलं. आणि बरं केलंस. तू बोलला असतास तर ते मत धरलं नसतं.

फेब्रुवारी आला. माझे चार जवळजवळ ठरले होते, एक जागा अडली होती. मला कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारा, हवा होता, आणि चांगला तरुण कॅचर पोरीकडे होता. आता व्हॉइस मेसेज नाही, म्हणून सुनेनं मला फोनवर बोटानं अक्षरं काढायला शिकवलं. मी मराठीत लिहिलं: तुझा कॅचर दे, माझा दाढीवाला घे. लगेच उत्तर आलं: नियमानुसार नकार. शेजारी एक हसरं तोंड.

हा नकार नियमाचा होता. त्यात माझ्याबद्दल काही कळत नव्हतं. कळणार होतं ते पुढच्या मागणीला. आता तिला हो म्हणायची मोकळीक होती, आणि आजीला हो म्हणायची तिची जन्माची सवय. ती हो म्हणाली असती, तर माझं लीगमधलं ते शेवटचं वर्ष ठरलं असतं. पुढच्या जानेवारीला मी स्वतःच नारळ फोडायला तयार झाले असते.

मी मागणी वाढवली. दाढीवाला, वर तिसऱ्या फेरीतली माझी पाळी. लिहून पाठवलं आणि फोन भिंतीकडे तोंड करून ठेवला. भाजी चिरली. कणीक मळली. सून दोनदा डोकावून गेली. त्या दिवशी काही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी आलं. मी चष्मा लावून वाचलं. तिनं लिहिलं होतं:

"नाही आजी. दाढीवाल्याचे गुडघे गेलेत, मला तो फुकट दिलात तरी नको. कॅचर मी तिन्ही हिवाळे राखणार आहे. आणि तुम्ही तिसऱ्या फेरीची पाळी द्यायला निघालात म्हणजे तुमच्याकडे दुसरं देण्यासारखं काही उरलेलं नाही, हे मला दिसतंय."

मी परत वाचलं. सगळं खरं होतं. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं आणि ते तिला बरोबर दिसलं होतं. म्हणजे तिनं माझा संघ उघडून बघितला होता. बसून विचार केला होता. माझा डाव कुठे लंगडा आहे ते शोधलं होतं. म्हातारीसाठी कोणी एवढे कष्ट घेत नाही. म्हातारीला हो म्हणतात आणि पुढच्या कामाला लागतात. हे गेल्यापासून मला सगळे हो म्हणत आले होते. डॉक्टर हो म्हणायचा, मुलगा हो म्हणायचा, गावी भाचे हो म्हणायचे. त्यातलं निम्मं कोणी केलं नाही, आणि मी रागावलेही नाही, कारण त्यांचं हो म्हणजे आता बसा शांत, एवढंच असायचं, हे मला माहीत होतं.

मुलगा समोर बसला होता. माझ्या चेहऱ्याकडे बघून घाबरला. "काय म्हणते ती?"

"नाही म्हणते."

"आई, जाऊ दे, तिच्याशी मी बोलू का?"

"खबरदार," मी म्हटलं.

मी त्या मुलीचे उपकार मानते. सुनेचे मानते, लसूण सोलता सोलता खरं सांगितलं म्हणून. कमिशनरचे मानते, त्यानं गोड बोलून का होईना पण विषय बैठकीत आणला, पाठीमागे संघ काढून घेतला नाही. आणि र्युसेल्सहाइमच्या त्या गड्याचे तर सगळ्यात जास्त. तो माझ्या विरुद्ध गेला नसता तर मी आजही नैवेद्य खात बसले असते आणि स्वतःला हुशार समजत असते.

देवाचे आभार मी या कामात मानले नाहीत. त्याला बेसबॉल कळतो की नाही, माहीत नाही.

चहा संपला. सुनेनं कप उचलले. मी तिला म्हटलं, जरा थांब, मला सांग, कोणाकडे दोन कॅचर आहेत, आणि त्यातला कोणता त्याला नकोसा झालाय. ती परत बसली आणि फोन उघडून एकेक संघ वाचायला लागली. मी बोट पुसून घेतलं आणि तिसरी मागणी लिहायला घेतली.